नववी ‘ब’च्या छत्तीस अडचणी

“सर, मला बारीक अडचण आल्या,” इर्शाद मुल्ला चिठ्ठी नाचवत म्हणाला. “ओंकारला बघा, सहा ओळींची. मला दीडच.”

“मग दीड ओळच नीट मांड.”

“पण सर, ह्यात लिहिलंय, मला झोप येत नाही. मी तुमच्या तासाला पण झोपतो. कोण विश्वास ठेवंल?”

मुद्दा बिनतोड होता. माझा तास मैदानावर असायचा आणि इर्शाद तिथंही झोपायचा. मी त्याची चिठ्ठी काढून घेऊन दुसरी दिली. तीत त्याला एक थोरला भाऊ होता, भाऊ भलताच हुशार होता आणि घरात उठता-बसता त्याचंच कौतुक चालायचं. प्रत्यक्षात इर्शादला चार बहिणी. पण ओळी सात होत्या, म्हणून गडी खूश होऊन जागेवर जाऊन बसला.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. आमची शाळा आजऱ्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला, आणि मी तिथला शारीरिक शिक्षणाचा मास्तर. मुलांना अडचणी वाटायचं काम माझ्याकडं कसं आलं ते सांगतो.

जिल्ह्याहून पत्र आलं होतं. किशोरवयीन विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य, एक दिवसाची कार्यशाळा, कोल्हापूरहून समुपदेशक येणार. इथवर ठीक होतं. पण खाली एक ओळ होती: ‘विद्यार्थ्यांनी आपल्या अडचणी मोकळेपणाने मांडणे अपेक्षित आहे.’ आमच्या मुख्याध्यापिका हळदणकर बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. तिसऱ्यांदा चष्मा काढून.

“मोकळेपणाने म्हणजे काय हो, चौगुले?”

“म्हणजे मनात येईल ते, बाई.”

“मनात येईल ते?” बाई घोटभर पाणी प्यायल्या.

बाईंना हसू नका. आमच्या शाळेत सगळ्याचीच तालीम व्हायची. झेंडावंदनाची व्हायची, स्नेहसंमेलनाची व्हायची, आणि अचानक होणाऱ्या तपासणीची तर आठवडाभर आधीपासून व्हायची. ‘तुम्हाला शाळेत काय आवडतं?’ असं पाहुण्यांनी विचारलं की हजेरीतल्या सातव्या नंबरनं उठून ‘आमचं ग्रंथालय’ म्हणायचं, हे अकरा वर्षं चालत आलं होतं. ग्रंथालयाला कुलूप होतं, ती गोष्ट वेगळी. तेव्हा मोकळेपणाचीही तालीम घ्यायची हे ओघानंच आलं.

बाईंनी बोटांवर मोजत मला नियम सांगितले. “अडचण शाळेची नको. संडासाचं दार, खिचडी, गणिताचे सर, काही नको. घरची नको, पालक भांडायला येतात. शरीराची नको. आणि प्रेमाची तर...”

“नकोच,” मी म्हणालो. “पण मग राहिलं काय, बाई?”

“सर्वसाधारण उदास वाटणं,” बाई म्हणाल्या. “तेही प्रमाणात. आणि शेवटच्या मुलानं म्हणायचं की शाळेमुळं आता बरं वाटतंय. लिहून काढा.”

“मीच का?”

“तुम्ही प्रशिक्षणाला गेला होतात.”

गेलो होतो खरा. प्रशिक्षणातली बासुंदी मला आजही आठवते. बासुंदीनंतरचं काही आठवत नाही.

छत्तीस अडचणी लिहिणं म्हणजे खायचं काम नव्हतं. मी खेळाच्या सामानाच्या खोलीत कुस्तीच्या गाद्यांवर बसलो, मांडीवर वही घेतली आणि लिहायला लागलो. उदास वाटणं पाच मुलांमध्येच संपलं. मग बराच वेळ नुसता पेन चावत होतो. आणि मग काय झालं कोण जाणे, पेन आपोआप चालायला लागलं. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत उरलेल्या एकतीस लिहून मोकळा! परत वाचल्याही नाहीत. आपल्यात एक लेखक दडलेला होता आणि आपण उगीच आयुष्यभर शिट्ट्या फुंकत बसलो, असं मला वाटलं. फाडून चिठ्ठ्या केल्या आणि ऐटीत वर्गात गेलो.

वर्गात मुलं सदतीस होती. मी छत्तीसच लिहिल्या याला कारण होतं. सदतिसावी स्नेहल शिंत्रे सोमवारपासून शाळा सोडणार होती, म्हणून कार्यशाळेला तिला मी धरलीच नव्हती.

स्नेहल माझ्या खो-खोच्या संघाची कर्णधार. पाठीवर थाप पडली की दिसायचीच नाही, एकदम पलीकडच्या खांबापाशी उगवायची. दिवाळीनंतर मात्र ती मैदानावर यायची बंद झाली. खेळाच्या तासाची घंटा झाली की पोट धरून बाकावर बसायची. तीनदा विचारलं, तीनदा एकच उत्तर, “पोट दुखतंय सर.” चौथ्या वेळी सगळ्या संघासमोर मी म्हणालो, “नाटकं बंद कर, शिंत्रे.” त्यानंतर तिनं मला काही सांगायचंच सोडलं. आणि कार्यशाळेच्या आठवड्यात तिचे वडील दाखल्याचा अर्ज घेऊन आले. “तीच म्हणत्या शाळा नको,” ते म्हणाले. “मामाच्या गावाला ठेवतो. शिलाई शिकंल. सोमवारी येतो दाखला न्यायला.”

मला ते फार लागलं. खरं सांगायचं तर आधी संघासाठी लागलं, कारण जिल्ह्याचे सामने पंधरा दिवसांवर होते. मग हळूहळू नुसतं तिच्यासाठी लागायला लागलं. एवढी पळणारी पोरगी आपण होऊन शिलाई मशीनवर जाऊन बसते म्हणजे काय? काहीतरी होतं आणि ते सोमवारच्या आत कळायला हवं होतं. पण विचारायचं कुणी? माझी तर विचारायची सोयच उरली नव्हती.

तरी चिठ्ठ्या वाटताना मी तिच्याजवळ थांबलो. “तुला पण देऊ का एखादी? अभ्यासात लक्ष लागत नाही, एवढंच म्हणायचं.”

“नको सर,” ती वर न बघता म्हणाली. “मी सोमवारपासनं न्हाईच.”

तालीम मला येते तशी घेतली. पहिली शिट्टी झाली की उभं राहायचं, दुसरीला अडचण मांडायची, तिसरीला खाली बसायचं. वक्तृत्व स्पर्धेचं वळण मुलांच्या अंगात इतकं मुरलेलं की सगळ्यांनी हातवारे करत सुरुवात केली, “सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या बालमित्रांनो, माझी अडचण अशी आहे की...” आणि शेवट, “एवढे बोलून मी माझी अडचण संपवतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!” वर्षा कांबळेनं विचारलं, “सर, रडायचं कुठल्या ओळीला?”

“चौथ्या.”

“मला तीनच ओळी हायत.”

“मग राहू दे.”

शुक्रवारी समुपदेशक कित्तूर मॅडम एसटीनं आल्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, आवाज इतका हळू की पुढं वाकून ऐकावं लागे. पुष्पगुच्छ झाला, नारळ झाला, स्वागतगीताची सगळी कडवी झाली. मग त्यांनी बाकं बाजूला करून मुलांना जमिनीवर गोल करून बसायला सांगितलं. बाईंना मुलं हजेरीच्या क्रमानं हवी होती, पण गोलात पहिला नंबर कुठं बसवायचा हे ठरेना. शेवटी त्या कपाळाला हात लावून मागं खुर्चीवर जाऊन बसल्या. मी शिट्टी घेऊन दाराशी उभा.

“कुणाला काही बोलावंसं वाटलं तर बोला,” मॅडम म्हणाल्या. “नाही वाटलं तर नका बोलू.”

एका झटक्यात छत्तीस हात वर गेले.

मॅडम दचकल्याच. “अरे वा,” त्या म्हणाल्या. “बरं. तू बोल.”

इर्शाद उठला, शर्ट खाली ओढला आणि सुरू झाला. सन्माननीय व्यासपीठापासून जय महाराष्ट्रापर्यंत एका दमात. भाऊ किती हुशार, घरात त्याचंच कौतुक, आणि मला मात्र म्हणतात, तुझ्या डोक्यात काही नाही, तू नुसता पळ. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अडचण घरची होती, तरी टाळ्या ऐकून मागून बाईंनी समाधानानं मान हलवली. मलाही बरं वाटलं, लिहिलं तर झकास होतं.

“वाईट वाटत असेल,” मॅडम म्हणाल्या. “भावाचं नाव काय?”

इर्शादनं तळहातावरची चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. “नाव दिलेलं न्हाई, मॅडम.”

मॅडमच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. त्यांनी पुढच्याला बोलू दिलं, मग त्याच्या पुढच्याला. दहा-बारा मुलं झाल्यावर त्यांनी वही काढून त्यात काहीतरी टिपलं आणि विचारलं, “इथं हुशार थोरला भाऊ किती जणांना आहे?”

अकरा हात.

“आणि तालुक्याच्या शर्यतीत पडलेले किती?”

सात हात.

“सातही जण शेवटच्या वळणावर?”

“हो मॅडम,” सात जण एका सुरात म्हणाले.

“त्याचं काय आहे, आमचं मैदान जरा खडबडीत आहे,” बाई मागून घाईनं म्हणाल्या, आणि ही तर शाळेची अडचण झाली हे लक्षात येऊन त्यांनी तोंडावर पदर धरला.

“आणि पडल्यावर वडील न बोलता पुढं चालत घरी गेले, असं किती जणांचं झालं?”

पुन्हा हात वर होऊ लागले, चार, पाच, सहा. आता माझे कान तापायला लागले होते. छत्तीस मुलांना मी एकच थोरला भाऊ, एकच वळण आणि एकच बाप वाटून दिला होता, आणि ते मला आत्ता, दाराशी उभं राहून, कळत होतं. लेखक कसला दडलाय! आयुष्यात जेवढं होतं तेवढं सगळं मी तुकडे करून नववी ‘ब’ला देऊन बसलो होतो.

मी खूण करायला शिट्टी तोंडाशी नेली, पण तेवढ्यात ओंकार गुरव उठला होता. त्याच्याकडं ती सहा ओळींची.

“सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या बालमित्रांनो, माझी अडचण अशी आहे की माझं पोट दुखतं. म्हणजे खरं तर पोट दुखत नाही. पण पोट म्हटलं की कुणी पुढं काही विचारत नाही. म्हणून मी पोटच सांगतो. एवढे बोलून—”

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “मग खरं काय दुखतं?”

ओंकारनं चिठ्ठी वाचून पाहिली. “ते लिहिलेलं न्हाई, मॅडम.”

“लिहिलंय कुणी?”

छत्तीस बोटं माझ्याकडं वळली. इतक्या शिस्तीत कुणी काही केलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

पण मी बोटांकडं बघतच नव्हतो. कोपऱ्यात, गोलाच्या जरा बाहेर, स्नेहल बसली होती. महिनाभरात पहिल्यांदा ती सरळ माझ्याकडं बघत होती.

“सर,” मॅडम म्हणाल्या, “मग तुम्हीच सांगा. तुमची इच्छा असेल तर. खरं काय दुखत होतं?”

“चौगुले!” बाईंनी मागून दबक्या आवाजात दम भरला.

मी शिट्टी खिशात टाकली. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, गोलात येऊन सावधानमध्ये उभा राहिलो. दुसरं उभं राहणं मला येतच नव्हतं.

“मी नववीतच होतो,” मी म्हणालो. “तालुक्याच्या शर्यतीत पडलो. वडील बोलले नाहीत, पुढं चालत गेले. तिथून पुढं प्रत्येक शर्यतीच्या आधी माझे हात कापायला लागायचे. श्वास पुरायचा नाही. देवळामागं जाऊन ओकायचो. घरी सांगितलं पोट दुखतं. आईनं ओवा दिला. चार महिने रोज ओवा खाल्ला मी.”

मुलं खो-खो हसली. मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यात पाणी आलं ते काही आवरेना.

“ओव्यानं बरं वाटलं?” वर्षानं विचारलं.

“कशाचं बरं वाटतंय! भीती होती ती. भीतीला ओवा काय करणार?” मी म्हणालो. “पण ती कुणाला सांगायची असते हे मला माहीत नव्हतं. आज पहिल्यांदा सांगतोय.”

मग मी स्नेहलकडं वळलो. “शिंत्रे, मी तुला सगळ्यांसमोर नाटकं म्हणालो. म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो, ते माझं चुकलं. मला तर कळायला पाहिजे होतं.”

स्नेहल उठून उभी राहिली. दोन्ही हात फ्रॉकच्या कडेला घट्ट. “सन्माननीय व्यासपीठ...” ती म्हणाली आणि तिथंच थांबली. पोरांपैकी एकजणही हसला नाही, इर्शादसुद्धा नाही.

“इथं नको बोलूस,” मॅडम उठत म्हणाल्या. “मला तुमचं मैदान बघायचंय. दाखवतेस?”

दोघी बाहेर गेल्या. खिडकीतून त्या खो-खोच्या खांबापाशी मातीत बसलेल्या दिसत होत्या. आत आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिलो. कार्यक्रमपत्रिकेत याची काही सोय नव्हती. शेवटी बाई उठल्या, घसा खाकरला आणि म्हणाल्या, “बाकीच्यांनी आपापल्या अडचणी चालू ठेवा.”

“चिठ्ठीतल्या का खऱ्या?” इर्शादनं विचारलं.

बाईंनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्याकडं. “खऱ्या,” त्या म्हणाल्या, कडू औषध घेतल्यासारख्या.

“संडासाचं दार लागत न्हाई बाई. एकानं बाहेरनं धरून उभं राहावं लागतंय. मी धरतो तेव्हा ओंकार आतनं गाणी म्हणतोय.”

“खिचडीत खडे!” “गणिताचे सर टकुऱ्यावर मारत्यात!” “मला खरंच झोप येत न्हाई, पण चिठ्ठी इर्शादला मिळालेली!” पोरांचा नुसता कल्ला. बाई लिहून घेत होत्या. तीन पानं भरली तशी त्यांनी माझ्याकडं दुसरं पेन मागितलं.

मैदानावर काय बोलणं झालं ते मॅडमनी मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “तिचं आहे, ती सांगेल.” आणि शनिवारी सकाळी स्नेहल आपण होऊन सामानाच्या खोलीच्या दाराशी आली. दिवाळीनंतर एकदा खांबाजवळ पाठ वळवून बसली असताना एकाएकी तिची छाती धडधडायला लागली, हात थंडगार, आता मरतेच असं वाटलं. दहा मिनिटांनी गेलं. मग पुन्हा आलं, मग वरचेवर यायला लागलं.

“पण शाळा का सोडत होतीस?”

“आमच्या आत्याला वेड लागलंय,” ती म्हणाली. “मागच्या खोलीत असत्या. मला वाटलं, माझंबी तेच सुरू झालंय. कुणाला कळायच्या आत जावं म्हटलं.” मग म्हणाली, “मॅडम म्हणाल्या, हे वेड न्हाई. ह्याला नाव हाय आनि उपचार हाय. त्या महिनाभर दर शुक्रवारी येणार हायत. पण आबा सोमवारी दाखला न्यायला येणार.”

“मग त्यांना कोण सांगणार? मी सांगू?”

“न्हाई,” ती म्हणाली. “तुमी फक्त थांबा तिथं.”

सोमवारी मी ऑफिसात पहिल्या तासापासून ठाण मांडून बसलो. शिंत्रे आले, हातातली टोपी टेबलाच्या कडेला ठेवून म्हणाले, “झाला का दाखला, बाई?” बाईंनी तयार दाखला समोर ठेवला होता, पण त्यावर हात ठेवला होता तो काही उचलत नव्हत्या.

“आबा, मला शाळा सोडायची न्हाई,” स्नेहल दारातून म्हणाली.

“आता गं? तूच म्हणालीस न्हवं?”

स्नेहलनं सगळं सांगितलं. धडधड सांगितली, थंड पडलेले हात सांगितले, दहा मिनिटं सांगितली. एकदा आवाज फाटला, पण थांबली नाही. “मला वाटलेलं मला आत्यावानी वेड लागायलंय,” ती म्हणाली. “पण ते वेड न्हाई, आबा. ही नुसती भीती असत्या. बरी होत्या.”

मला वाटलं शिंत्रे आता चिडणार. मी खुर्चीतून अर्धा उठलोही. त्यांनी टेबलावरची टोपी उचलली, झटकली, परत ठेवली.

“हात थंड पडत्यात?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

“आनि धाप लागत्या. बसल्या जागी.”

“व्हय आबा.”

“शकूला आसंच व्हायचं,” ते म्हणाले. ते आता स्नेहलशी बोलत नव्हते, आमच्याशीही नव्हते. “लग्नाच्या आधी. अगदी आसंच. आमी देवऋषी केला, अंगारे केले. मग लोकं बोलाय लागली, तशी आत ठेवली तिला. बारा वर्सं झाली.” मग ते बाईंकडं वळले. एवढा रांगडा गडी, पण आवाज लहान पोरासारखा झाला होता. “मग बाई, तिला का न्हाई कुणी सांगितलं?”

बाईंनी दाखला उचलला, दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

“मॅडम शुक्रवारी येणार आहेत,” त्या म्हणाल्या. “बहिणीलाही घेऊन या.”

“ती मानसांत येत न्हाई, बाई.”

“मैदानावर कोण नसतंय, आबा,” स्नेहल म्हणाली. “मी बसते आत्याजवळ.”

शिंत्र्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही ते काही कळलं नाही.

शुक्रवारी मी सकाळपासून फाटकाशी उभा होतो. साडेदहाच्या सुमाराला रस्त्यावर त्यांची मोटरसायकल दिसली. वर तिघं बसले होते. पुढं शिंत्रे, मागं स्नेहल, आणि मध्ये नवं लुगडं नेसलेल्या शकूआत्या, भावाचा सदरा दोन्ही मुठींत धरून आणि डोळे गच्च मिटून.